अंगठ्याखालची शीर

सुई टोचण्याआधीच ती ‘झालं’ म्हणायची.

रबरी पट्टा दंडाला आवळायचा, समोरच्याला मूठ वळायला सांगायचं, डाव्या हाताचा अंगठा कोपराच्या आतल्या खळगीत टेकवायचा, दाबायचा नाही, नुसता टेकवायचा, आणि शीर त्याखाली उमटली की अगदी हळू आवाजात, आपलं आपल्यालाच सांगावं तसं, ‘झालं’ म्हणायचं. मग टोचायचं. रक्त तपासायच्या त्या केंद्रात तिला सात वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत तिच्या खुर्चीत बसून कुणी रडलं होतं असं काउंटरवरच्या ताईंनाही आठवत नव्हतं. आणि ताईंना तर कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं हेसुद्धा आठवायचं.

“तुझ्याकडे आलेली माणसं बाहेर पडताना दारातच विचारतात, टोचलं का हो?” ताई म्हणायच्या. “आणि पलीकडच्या खोलीत बघ, बोकड कापल्यासारखी ओरड.”

तिला हे कौतुक अंगाला लागत नसे. ती स्वतःवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हतीच. सकाळी घरातून निघाली की गॅस बंद केला का हे पाहायला ती चार मजले परत चढायची, आणि बंद असलेला गॅस पाहून झाल्यावर, पाहताना हात लागून तो चालू तर झाला नसेल, या शंकेने अर्ध्या जिन्यातून आणखी एकदा. रस्ता ओलांडताना ती समोरच्या सिग्नलचा लाल दिवा दोनदा बदलू द्यायची. नवरा याला तिचं ‘व्याज’ म्हणायचा. सगळे एक वाट पाहतात, ही वर थोडी जास्त पाहते. अशा बाईच्या हातात दुसऱ्यांची भीती घालवायचं काही असेल, हे तिला स्वतःला गमतीचंच वाटायचं.

ते पहिल्यांदा ओळखलं मोठ्या सिस्टरांनी. मोठ्या सिस्टर म्हणजे केंद्राच्या सगळ्यात जुन्या. निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी त्यांना जा म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. एक दिवस एका रंगाऱ्याला त्यांनी स्वतः दंडाला धरून आत आणलं. उंच इमारतींच्या बाहेरून दोराला लटकून रंग देणारा, ताडमाड, मनगटापर्यंत पांढऱ्या रंगाचे शिंतोडे असलेला तो माणूस सुई पाहिली की भोवळ येऊन पडायचा. मागच्या वेळी पडताना त्याने औषधांचं कपाट सोबत आणलं होतं. तो खुर्चीत बसला तेव्हा त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तिने अंगठा टेकवला. शीर उडत होती, जाळ्यातल्या मासोळीसारखी. ‘झालं,’ ती म्हणाली, आणि ती शीर तिच्या अंगठ्याखाली एकदम निवली. रंगाऱ्याने डोळे उघडले, सुई आत जाताना पाहिली, नळीत चढणारं रक्त पाहिलं आणि म्हणाला, “एवढंच होय?”

तो गेल्यावर सिस्टर दारातून आत आल्या. मग त्यांनी तिचा डावा हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला, भाजी घेताना पाहतात तसा.

“हे शिकून येत नाही,” त्या म्हणाल्या. “हे वरून येतं.”

“अहो सिस्टर, काहीतरीच. सवय आहे नुसती.”

“मला चाळीस वर्षांची सवय आहे. माझ्या हाताखाली कुणाची भीती गेली नाही. गप्प बसली असेल, गेली नाही.” सिस्टरांनी तिचा हात सोडला. “तुला दिलंय त्याने. दिलेलं वापरायचं असतं, वाढवायचं असतं. झाकून ठेवणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं.”

आणि मग सिस्टरांनी तिला शिकवायला घेतलं. हाताला काही शिकवायचं नव्हतं. त्याच्या आधीचं शिकवायचं होतं. अंगठा टेकवण्यापूर्वी एक क्षण थांबायचं, डोळे मिटायचे आणि मनात म्हणायचं, हे माझं नाही, माझ्यातून जाऊ दे. एवढीच प्रार्थना. शीर चाचपताना त्या हातात मोजा घालायचा नाही. समोरच्याचं नाव-गाव विचारायचं नाही, तो कशाला भितो हे तर मुळीच नाही. पहिले काही दिवस तिला हे म्हणताना संकोच वाटायचा, कुणी पाहतंय की काय असं वाटायचं. पण दोन आठवड्यांत प्रार्थना अंगवळणी पडली, अंगठा खळगीकडे निघाला की शब्द आपोआप मनात यायचे, जिना उतरताना पाय पायरी शोधतो तसे. आणि देणगी वाढली. पूर्वी माणसं सुईला घाबरायची थांबत; आता ती खुर्चीतून उठताना खांदे सैल सोडून उठत. वर्षभर रिपोर्ट उघडायला न धजावलेली एक संगीतशिक्षिका तिच्या देखतच पाकीट फाडून वाचू लागली. वरच्या मजल्यावरच्या शस्त्रक्रिया विभागातून निरोप यायला लागले, की उद्याच्या पेशंटचं रक्त घ्यायला तुमच्याकडच्या त्या बाईंनाच पाठवा. तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, की आपण कुणाच्या तरी उपयोगाच्या आहोत. घरी जाताना ती कधीकधी सिग्नलचा लाल दिवा एकदाच बदलू द्यायची.

घरी पिलू होती. पाच वर्षांची, बारीक मनगटांची, आणि भीतीच्या बाबतीत सगळी आईवर गेलेली. लिफ्टला भ्यायची, फुग्यांना भ्यायची, न्हाणीघरातल्या जाळीतून पाणी जाताना होणाऱ्या आवाजाला भ्यायची. शाळेच्या फाटकाशी तिची बोटं आईच्या ओढणीतून एकेक करून सोडवावी लागत.

“एकीला बघून दुसरी शिकते,” सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणायच्या. “घरात एक पुरे होती हो.”

पिलूला ताप आला तो तीन दिवस उतरेना. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. केंद्रात नियम नसला तरी रिवाज होता, की घरच्या माणसाचं रक्त आपण घ्यायचं नाही, हात कापतो. म्हणून पलीकडच्या खोलीतल्या तंत्रज्ञाने सुई हातात घेतली आणि पिलूने अशी किंकाळी फोडली की बाहेर रांगेतली माणसं उभी राहिली. एकदा टोचून शीर चुकली. दुसऱ्यांदा पिलू श्वास घ्यायचीच विसरली. ओठ निळसर झाले. सिस्टर दारात आल्या होत्या. त्यांनी नुसतं तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

तिने पिलूला मांडीवर घेतलं. खळगी इतकी लहान होती की अंगठ्याने ती सगळी झाकली गेली. ‘झालं.’

पिलूने श्वास सोडला. आईच्या खांद्यावर डोकं ठेवून नळी भरताना ती लक्ष देऊन पाहत राहिली. “छान रंग आहे,” ती म्हणाली.

त्यानंतरचे दोन महिने त्या घरात सुखाचे गेले. ताप साधा निघाला. पिलू फाटकातून धावत शाळेत जाऊ लागली, मागे वळूनही न पाहता. लिफ्टमध्ये बटणं तीच दाबायची. सासूबाईंनी शेजारीपाजारी सांगितलं, की नात सुधारली. “आईच्या वळणावर जाते की काय वाटत होतं, वाचली बाई.” नवऱ्याने रात्री जेवताना पिलूला विचारलं, “काय गं वाघिणी, आता कशाला घाबरतेस?” पिलूने खरंच विचार केला. घास तोंडात तसाच ठेवून, छताकडे पाहत, खूप वेळ. मग म्हणाली, “काहीच सापडत नाही.”

सगळे हसले. तीही हसली. फक्त तो ‘सापडत नाही’ तिच्या मनात कुठेतरी अडकून राहिला, दातात अडकलेल्या काडीसारखा.

संगीतशिक्षिका तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायला आल्या तेव्हा त्यांच्या उजव्या तळव्यावर मनगटापर्यंत पांढरी पट्टी होती.

“काय झालं हो?”

“अगं, चुलीवरचं पातेलं उचललं. उकळत होतं.”

“कळलं नाही?”

“कळलं ना. वाफ दिसत होती.” बाई शांतपणे आठवत होत्या. “दुखलंही खूप. पण उचलताना मागे घ्यावा असं काही हाताला वाटलं नाही.”

तिने त्या दिवशी बाईंच्या दुसऱ्या हातातून रक्त घेतलं आणि ‘झालं’ म्हणायची गरजच पडली नाही. त्या दिवसापासून मात्र ती पुन्हा येणाऱ्या माणसांच्या हातांकडे पाहू लागली. पूर्वी तिला फक्त खळगी दिसायची. आता तिच्या वरचं आणि खालचं दिसू लागलं. कुणाच्या मनगटावर कुत्र्याच्या दातांची अर्धगोल रांग. कुणाच्या कोपराला नवे टाके. एका तरुण शिंप्याच्या बोटाचं टोक नव्हतं आणि तो म्हणाला, मशीन चालू होतं, दिसत होतं. सगळे हसतमुख, सगळे खांदे सैल सोडलेले. रंगारी आला तो कुबड्यांवर.

“दोर सुटला?” तिने विचारलं.

“नाही, नाही. बांधलाच नव्हता.”

“विसरलात?”

“विसरेन कसा? वीस वर्षं बांधतोय.” तो तिच्याकडे जरा नवलाने पाहत होता, जसं काही हे तिला ठाऊक असायला हवं. “हातात घेतला होता. पण कशाला बांधायचा ते आठवेना. जीव घाबरायचा ना आधी, म्हणून बांधायचो.”

त्या संध्याकाळी ती घरी धावत गेली. तिने पिलूला खिडकीपाशी नेऊन पायांपासून केसांपर्यंत तपासलं. गुडघ्यांवर खरचटलेलं होतं, पण ते कुठल्या मुलीच्या नसतं? डाव्या तळहातावर इस्त्रीच्या टोकाचा तांबूस त्रिकोण होता.

“हे कधी झालं?”

“परवा,” पिलू म्हणाली. “आजीने म्हटलं होतं, भाजतं. म्हणून बघितलं. भाजतं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

पिलूला हा प्रश्न कळला नाही.

दुसऱ्या दिवशी ती सिस्टरांकडे गेली. दुपारची वेळ होती, रांग संपली होती, सिस्टर त्यांच्या छोट्या खोलीत चहा घेत होत्या. किटलीतून नुकताच ओतलेला, वर बुडबुडे फुटत असलेला चहा. तिने सगळं सांगितलं. पातेलं, दोर, बोट, इस्त्री. सांगताना तिलाच ते मूर्खपणाचं वाटत होतं, आणि आपण नेहमीसारखं काहीच्या बाही घेऊन बसलोय असं सिस्टर म्हणतील अशी तिला भीती वाटत होती. खरं तर तीच आशा होती.

सिस्टरांनी ऐकून घेतलं. “मग?” त्या म्हणाल्या.

“मग काय सिस्टर? मला ते परत द्यायचंय. निदान पिलूचं तरी. कसं द्यायचं ते सांगा.”

“देणगीने देता येतं, गं. घेतलेलं परत ठेवायचं मला कुणी शिकवलं नाही.” सिस्टरांनी कप उचलला. “आणि तू हे असं का सांगतेस, काही वाईट झाल्यासारखं? मागच्या वर्षी सगळ्या कर्मचाऱ्यांची तपासणी झाली, तेव्हा माझं रक्त तूच घेतलंस. आठवतंय? त्या दिवसापासून मी किती शांत झोपते.”

आणि त्यांनी तो उकळता चहा तीन घोटांत संपवला. त्यांचे डोळे पाण्याने भरून आले, खालचा ओठ पांढरा पडला, आणि चेहऱ्यावरचं समाधान जरासुद्धा हललं नाही. जवळून पाहिल्यावर तिला दिसलं, की त्या ओठाचं कातडं जागोजाग सोललेलं होतं. जुनं, नवं, एकावर एक.

तेव्हापासून तिने ठरवलं, की पिलूच्या वाट्याची भीती आता आपणच बाळगायची. ही गोष्ट तरी आपल्याला जमण्यासारखी आहे, असं तिला वाटलं. जन्मभर दुसरं केलंय काय? तिने इस्त्री कपाटाच्या वर ठेवली, सुऱ्या कुलपात ठेवल्या, काड्यापेट्या पर्समध्ये घालून केंद्रात नेल्या. सगळ्या खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या. बैठकीच्या खोलीतल्या एका जाळीला, आग लागली तर बाहेर पडता यावं म्हणून, इमारतीच्या नियमाप्रमाणे उघडणारं दार ठेवावं लागलं. त्याला तिने पितळी कुलूप घातलं आणि त्याची किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. त्या जाळीबाहेर वीतभर रुंदीचा छज्जा होता आणि त्याखाली चार मजले मोकळी हवा. पिलूला तो छज्जा फार आवडायचा. रोज संध्याकाळी आई घरात आली की ती जाळीला नाक लावून उभी असायची.

“आई, उघड ना. तिथे बसायचंय.”

“नाही.”

“का?”

“पडशील.”

“मग?”

रोज तेच, त्याच क्रमाने. त्या ‘मग’पाशी तिच्या काळजात धस्स व्हायचं, तळहातांना घाम फुटायचा, आणि ती पिलूचा दंड घट्ट धरून तिला आत न्यायची. त्या धस्स होण्याला ती मनातल्या मनात चाचपून पाहायची, पैशाच्या पाकिटाला गर्दीत हात लावून पाहतात तशी. आहे. अजून आहे. तोवर पिलू आहे.

नवरा कुरकुरायचा. “तुरुंगात राहतोय आपण. पोर धीट झाली तर तू दुप्पट घाबरट झालीस.”

“दोघींचं मला एकटीला करायचंय,” ती म्हणाली. त्याने ते थट्टेवारी नेलं.

केंद्रात तिने डाव्या हातातही मोजा घालायला सुरुवात केली. प्रार्थना मनात येऊ लागली की ती पाढे म्हणायची. अंगठा न लावता, नुसत्या डोळ्यांनी शीर शोधायची, आणि शीर चुकायची. माणसं कळवळू लागली. एक छोटा मुलगा तिच्या खुर्चीत बसून भोकाड पसरून रडला आणि ते ऐकताना तिला इतकं हायसं वाटलं, की त्याच्या आईने तिच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. तक्रारी आल्या. सिस्टर रागावल्या नाहीत. त्या आता कशावरच रागवत नसत. फक्त म्हणाल्या, “दार लावतेस.”

मग एका सकाळी रंगाऱ्याची बायको त्याचे राहिलेले रिपोर्ट मागायला आली. ताईंनी पाकीट शोधून दिलं. “ते स्वतः नाही आले?” ताईंनी सहज विचारलं. बाईने पाकीट घडी करून पदराखाली ठेवलं आणि म्हणाली, “पाय बरा झाला होता हो. कामावर जायला लागले होते.” तेवढंच. खोलीच्या दारातून तिने हे ऐकलं. बाईने जाताना तिच्याकडे पाहून हात जोडले. “तुमचं फार नाव घ्यायचे,” ती म्हणाली.

त्याच दिवशी तिने अर्ज लिहिला. रक्त घ्यायचं काम नको, काउंटर द्या. ताईंना कधीपासून आत यायचं होतं, त्यांनी प्रशिक्षणही पूर्ण केलं होतं. अदलाबदल व्हायला काहीच हरकत नव्हती. अट एकच पडली, की जाण्याआधी तिने ताईंचा हात बसवून द्यायचा. पंधरा दिवस. तिने कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली. पंधरा दिवसांनी तिचा अंगठा फक्त पावत्यांवर शिक्के मारणार होता.

ताई हुशार होत्या, पण त्यांना शीर सापडत नसे. “दिसते तिथे नसते आणि असते तिथे दिसत नाही,” त्या वैतागून म्हणायच्या. “माझ्या नवऱ्यासारखी.” दहाव्या दिवशी, दुपारी, खोलीत कुणी नसताना, त्यांनी बाही वर सारून स्वतःचा हात टेबलावर ठेवला.

“हे बघ, माझ्यावरच दाखव एकदा. नेमका कुठे टेकवतेस तू अंगठा? मोज्यातून मला काही कळत नाही. मोजा काढ तो.”

तिने मोजा काढला. ताईंच्या गोऱ्या, जाडसर हाताकडे पाहिलं. ताईंना दोन मुलं होती. त्या रोज स्कूटरवरून यायच्या, हमरस्त्याने, आणि रोज आल्या आल्या सांगायच्या, की आज जीव मुठीत धरून आले. मुठीत धरलेला तो जीव तिला मोकळा करायचा नव्हता.

“तुमचा नको,” ती म्हणाली. “तुमची शीर खोल आहे. माझी वर आहे, माझ्यावर बघा.”

तिने स्वतःचा उजवा हात टेबलावर उताणा ठेवला. “मूठ अशी वळायची. ही खळगी. इथे बोट फिरवत बसायचं नाही, पेशंट आणखी घाबरतो. अंगठा असा आणायचा, दाबायचा नाही, नुसता...”

तिचे डोळे सवयीने मिटले. पाढे म्हणायचं तिच्या लक्षात आलं नाही. समोर पेशंट नव्हता.

“...टेकवायचा,” ती म्हणाली. “झालं.”

ताईंनी वाकून पाहिलं. “अच्छा, इथे होय.” मग म्हणाल्या, “काय गं? अशी काय बघतेस?”

“काही नाही,” ती म्हणाली. आणि खरोखरच काही नव्हतं.

त्या संध्याकाळी ती केंद्रातून वेळेवर निघाली. यंत्राचं बटण बंद केलंय का ते पाहायला मागे फिरली नाही. हवा छान पडली होती, उन्हं तिरपी झाली होती, रस्त्यावर कुणीतरी सारखा कर्कश्श हॉर्न वाजवत होतं आणि एक गाडीवाला काच खाली करून काहीतरी ओरडत होता. तो तिलाच ओरडत होता हे तिला पलीकडच्या फुटपाथवर पोहोचल्यावर कळलं. चार मजले ती गुणगुणत चढली. घरात सासूबाई नव्हत्या. शेजारी गेल्या असाव्यात, दार नुसतं लोटलेलं होतं. बैठकीच्या खोलीत पिलू जाळीला नाक लावून उभी होती.

“आई, उघड ना. तिथे बसायचंय.”

“नाही,” ती म्हणाली. जिभेला सवय होती.

“का?”

“पडशील.”

“मग?” पिलू म्हणाली.

ती थांबली. इथे काहीतरी असायचं. रोज याच जागी काहीतरी असायचं, ती त्याला हात लावून पाहायची. तिने आत शोधलं, प्रामाणिकपणे, घाई न करता. पडेल, हे तिला ठाऊक होतं. खाली चार मजले आहेत, हेही ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी स्वच्छ पुसून ठेवलेल्या काचेच्या नळ्यांसारख्या शेजारी शेजारी होत्या, आणि रिकाम्या होत्या. तिने तळहात पाहिले. ते कोरडे होते. पिलू मान वर करून वाट पाहत होती, त्या दिवशी जेवताना स्वतः छताकडे पाहत राहिली होती तितक्याच सहनशीलतेने.

“सापडलं का?” पिलूने विचारलं.

“नाही गं,” ती म्हणाली.

तिने गळ्यातला दोरा काढला. पितळी कुलूप जरा घट्ट झालं होतं, दोनदा किल्ली फिरवावी लागली. जाळीचं दार बाहेरच्या बाजूला उघडलं आणि वाऱ्याने पिलूचे केस कपाळावरून मागे गेले. पिलू लगेच एक पाय उचलून निघाली, तेव्हा तिने तिला खांद्याला धरून थांबवलं.

“थांब जरा.”

छज्ज्यावर कितीतरी दिवसांची धूळ होती आणि पिलूचा फ्रॉक पांढरा होता. तिने बाहेर वाकून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओढणीने तो नीट पुसून घेतला. दोघींना पुरेल इतका.